टिपणीसकाकांची चौकशी

आमच्या शेजारच्या टिपणीसकाकांनी आयर्लंडमधल्या निदान शंभर घरमालकिणींना फोन करून त्यांच्या उशांबद्दल विचारलेलं आहे. स्वतःसाठी नव्हे. काका स्वतः कुठंच जात नाहीत. जातो आम्ही.

डब्लिनमधल्या सँडीफोर्डच्या आमच्या बिल्डिंगमध्ये सात मराठी घरं आहेत. लाँग वीकेंड आला की या सात घरांपैकी कुणाला तरी समुद्र, नाहीतर डोंगर, नाहीतर एखादा पडका किल्ला बघायची हुक्की येते. अशा वेळी लॅपटॉप उघडण्याआधी तिसऱ्या मजल्यावर टिपणीसांची बेल वाजवायची, अशी आता पद्धतच पडून गेली आहे. काकांचा वेबसाइटवर काडीचा विश्वास नाही.

"फोटोत खोली दिसते, अनघाताई. खोलीचा वास दिसतो का? मालकिणीचा स्वभाव दिसतो का? फोन करून विचारावं. चौकशीला पैसे पडत नाहीत."

फोन करायच्या आधी काका शर्ट पँटमध्ये खोचतात. डायनिंग टेबलाशी ताठ बसतात, शंभर पानी वही उघडतात, पेनाचं टोपण मागे लावतात आणि नंबर फिरवतात. "गुड मॉर्निंग मॅडम. मायसेल्फ टिपणीस. वन स्मॉल एन्क्वायरी." ही स्मॉल एन्क्वायरी चाळीस मिनिटं चालते. उशी कापसाची का स्पंजची? खिडकी कुठल्या दिशेला? पहिल्या माणसाची अंघोळ झाल्यावर दुसऱ्याला गरम पाणी पुरतं का? कुत्रा आहे का, आणि असला तर त्याचं वय काय? (म्हातारा कुत्रा काकांना चालतो. "तो भुंकण्याआधी विचार करतो.") घरात घोरणारं कोणी आहे का? शेवटचा प्रश्न ऐकून बायका आधी गप्प होतात, मग हसतात आणि मग नवऱ्याबद्दल बोलायला लागतात. काका सगळं टिपून घेतात. मी मूळची नागपूरची. पुण्याचा माणूस फोनवर इतकं गोड बोलू शकतो, हे मला आयर्लंडात आल्यावर कळलं.

वहीत प्रत्येक घराला शेरा असतो. धर्मशाळा, लॉज किंवा माहेर. माहेर हा शेरा फार थोड्यांना मिळतो.

ही विद्या काकांनी कुठं कमावली, त्याला इतिहास आहे. पुण्यात एसटी स्टँडवर ते तेवीस वर्षं चौकशीच्या खिडकीत बसत होते. शुभदाताई, म्हणजे त्यांच्या पत्नी, नर्स आहेत. त्यांना इथल्या एका हॉस्पिटलात नोकरी लागली तेव्हा काकांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि बायकोच्या व्हिसावर ते डब्लिनला आले. (मी त्यांना काका म्हणते आणि त्यांच्या बायकोला ताई. यात नात्याचा हिशेब लागत नाही, पण दोघांनीही कधी तक्रार केलेली नाही.) "मी डिपेंडंट आहे," काका नव्या माणसाला ओळख करून देतात, "कागदोपत्री आणि प्रत्यक्षातही." आमच्याशी ते अजून अहोजाहो करतात. खिडकीतून कुणाला अरेतुरे करायचं नाही, ही त्यांची शिस्त. आणि एका घरातून दोघं एकदम बोलायला लागलो की म्हणतात, "एकेक. रांगेत या."

गेल्या ऑगस्टमध्ये आमच्या ईराला वटवाघळांनी झपाटलं. ईरा नऊ वर्षांची. तिला मराठी सगळं समजतं, उत्तरं मात्र ती डब्लिनी इंग्रजीत देते. किलकेनीच्या बाजूला चुनखडीची एक मोठी जुनी गुहा आहे. तिला ती गुहा बघायची होती, आणि नुसती बघायची नव्हती, तर गुहेच्या दाराशी तंबू ठोकून राहायचं होतं. गुहेचं नाव मी सांगत नाही. कारण पुढं ज्या बाईंबद्दल सांगणार आहे, त्यांचं घर गुहेवरून अगदी सहज सापडेल.

काकांनी शर्ट खोचला आणि गुहेच्या ऑफिसला फोन लावला. पलीकडे एक मुलगी होती. तिनं सांगितलं, ही संरक्षित जागा आहे, आवारात तंबू ठोकता येणार नाही.

"संरक्षित म्हणजे आमच्यापासून का आमच्यासाठी?" काकांनी विचारलं.

मुलगी म्हणाली, "दोन्ही, बहुतेक."

"उत्तर बरोबर आहे," काका फोनवर हात ठेवून मला म्हणाले. "हुशार मुलगी आहे." मग त्या हुशार मुलीकडूनच त्यांनी तीन मैलांवरच्या एका शेतकऱ्याचा पत्ता मिळवला. तो उन्हाळ्यात आपल्या शेतात तंबू टाकू देत असे. ती म्हणाली, "युअर मॅन तुम्हाला सगळं दाखवेल." इथं कुठल्याही तिऱ्हाईत माणसाला युअर मॅन म्हणतात, हे काकांना तोवर कुणी सांगितलं नव्हतं. "मॅडम, गैरसमज होतोय," काका गंभीरपणे म्हणाले. "तिकडे माझा माणूस कुणीच नाही."

निघायच्या आदल्या दिवशी शुभदाताई जिन्यात भेटल्या. "यांना घेऊन जा गं बरोबर," त्या म्हणाल्या. "माझी दोन्ही दिवस ड्यूटी आहे. तेवढेच घराबाहेर पडतील." काकांनी आढेवेढे घेतले. गुडघ्यापासून व्हिसापर्यंत सगळी कारणं काढली. पण ईरानं "काका, प्लीऽज" म्हटल्यावर त्यांचा निरुपाय झाला. शनिवारी सकाळी ते बरोबर सात वाजता खाली हजर होते. हातात छत्री, खांद्यावर शबनम, शबनममध्ये वही.

शेतावर पोचलो तर शेत नव्हतं. तळं होतं. दोन दिवस पाऊस झाला होता आणि अजून होत होता. पलीकडच्या चढावर गाई ओळीनं उभ्या राहून आमच्याकडे बघत होत्या. शेतकरी गुडघाभर बुटांत आला, त्यानं तंबूची जागा बोटानं दाखवली आणि म्हणाला, "पोहता येत असेल तर ग्रँड."

मी आणि निखिलनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, गाडीत बसून फोन लावायला सुरुवात केली. काकांनी वही उघडली. पण त्या दिवशी किलकेनीत हर्लिंगचा, म्हणजे इथल्या काठी-चेंडूच्या खेळाचा, कुठलासा मोठा सामना होता. धर्मशाळा, लॉज, माहेर, सगळं भरलेलं. अकरा फोन झाले. ईरा बाहेर जाऊन गाईंशी बोलून चिंब भिजून आली होती आणि आता शिंकत होती. परत डब्लिनला जायचं म्हटलं की तिच्या डोळ्यांत पाणी येत होतं.

निखिल गाडी वळवत असताना गुहेच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेला, हिरवं शेवाळ धरलेली एक पाटी मला दिसली. बेड अँड ब्रेकफास्ट. बाण आत वळत होता.

"इथं विचारू या," मी म्हणाले.

"तिथं नको," काका पटकन म्हणाले.

"का? तुमच्या वहीत धर्मशाळा आहे का?"

"नाही, तसं नाही. तिथं फुल्ल असतं."

"विचारून तरी बघू."

"फुल्ल असतं म्हणालो ना. उगाच कशाला त्रास द्यायचा?" काका खिडकीबाहेर बघत म्हणाले.

तीन वर्षांत काकांच्या तोंडून हे वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं. निखिलनंही ऐकलं नव्हतं. तो म्हणाला, "काका, चौकशीला पैसे पडत नाहीत," आणि त्यानं गाडी आत घातली.

घर टुमदार होतं. दोन मजली, भिंतीचा रंग उडालेला, पुढे गुलाब माजलेले. वरच्या सगळ्या खिडक्यांचे पडदे ओढलेले. अंगणात एकही गाडी नव्हती. काका गाडीतून उतरेनात. मी ईराला घेऊन गेले आणि बेल वाजवली.

बऱ्याच वेळानं दार उघडलं. ऐंशीच्या पुढची एक बारीकशी बाई, केस नीट विंचरलेले, स्वेटरची सगळी बटणं लावलेली. मी खोली आहे का विचारलं.

"नाही गं, राणी," त्या म्हणाल्या. "आज सगळं भरलंय. या दिवसांत सगळं भरलेलंच असतं."

त्यांच्या मागे मला पॅसेज दिसत होता. खुंट्यांवर एकच कोट होता. जिन्यावरच्या गालिच्यावर पाऊल उमटलं तर दिसेल इतकी धूळ होती. बंद घराचा थंड वास बाहेर येत होता. मी काही बोलणार, तेवढ्यात ईरा शिंकली आणि त्या वाकून तिच्याकडे बघायला लागल्या. ईरानं त्यांना अगदी इथल्या पोरीच्या हेलात विचारलं, "मी तुमचं टॉयलेट वापरू का, प्लीज?"

एवढ्यात मागून छत्री उघडल्याचा आवाज आला. काका शेवटी उतरले होते. "सॉरी फॉर द बॉदर, मॅडम," ते लांबूनच म्हणाले. "दीज पीपल डिड नॉट नो."

बाईंनी चटकन मान वर केली. काकांकडे बघितलं नाही, आवाजाकडे बघितलं. डोळे बारीक केले.

"मिस्टर टिपी?"

काका पायरीपाशी थांबले. "येस, मिसेस डेलेनी."

"पण आज तर शनिवार आहे!" त्या म्हणाल्या.

काका लाजले. पंचावन्न वर्षांचा, तेवीस वर्षं एसटीची गर्दी झेललेला माणूस कानापर्यंत लाल झाला. मिसेस डेलेनींनी आम्हाला आत घेतलं आणि आपण होऊन सांगितलं. मिस्टर टिपी दर रविवारी चार वाजता फोन करतात. दोन वर्षं झाली. दर वेळी खोली आहे का विचारतात. "आणि दर वेळी मला बिचाऱ्यांना नाही म्हणावं लागतं. नेमकं भरलेलं असतं. पण एकदाही चिडले नाहीत हो."

"फुल असणारच, मॅडम," काका म्हणाले. "गुड प्लेस इज ऑलवेज फुल."

"पण इथं तर कुणीच..." निखिल म्हणाला, आणि पुढचं वाक्य त्यानं गिळलं. कारण काकांनी त्याच्या पायावर पाय दिला होता.

ईरा टॉयलेटमधून आली. ओल्या मोज्यांनी तिथंच उभी राहिली आणि पुन्हा शिंकली. मिसेस डेलेनींनी तिच्याकडे बघितलं, मग वरच्या जिन्याकडे, मग आमच्याकडे. त्यांच्या चेहऱ्यावर जे चाललं होतं ते मला बघवेना. खोल्या रिकाम्या आहेत म्हणावं, तर दोन वर्षांचं सगळं बोलणं खोटं पडत होतं. भरल्या आहेत म्हणावं, तर भिजलेलं पोर पावसात परत जात होतं. मी म्हणाले, "आम्ही निघतो, काही हरकत नाही."

काकांनी छत्री मिटली. शर्ट खोचलेला होता, तरी एकदा चाचपला.

"मॅडम," ते आपल्या खास खिडकीच्या आवाजात म्हणाले, "एनी कॅन्सलेशन?"

मिसेस डेलेनी क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग पॅसेजमधल्या टेबलाशी गेल्या. तिथं एक जाडजूड रजिस्टर होतं. त्यांनी चष्मा लावला, ते उघडलं, आणि त्यांचं बोट पानावरून ओळीओळीनं खाली सरकायला लागलं. मी शेजारीच उभी होते. पान कोरं होतं.

"कॉर्कहून येणारं एक जोडपं होतं बघा," त्या म्हणाल्या. बोट थांबलं. "सकाळीच फोन आला त्यांचा. बाईंना बरं नाही म्हणे."

"व्हेरी सॅड," काका म्हणाले.

"आणि मागची खोली... ती एक जर्मन मुलगी. तीही येत नाहीये."

"टू रूम्स, मॅडम?"

"टू रूम्स, मिस्टर टिपी."

"व्हॉट लक," काका म्हणाले, आणि आमच्याकडे वळून मराठीत म्हणाले, "तोंड मिटा, निखिल. सामान आणा."

मग मी जे बघितलं ते मजेशीरच होतं. काका त्या घरात जन्मात पहिल्यांदा शिरत होते. पण जिना चढताना म्हणाले, "चौथी पायरी सांभाळा, करकरते." चादरी कुठल्या कपाटात आहेत ते त्यांना ठाऊक होतं. मागच्या खोलीची खिडकी वर उचलून ढकलावी लागते, हेही ठाऊक होतं. भिंतीवरच्या फोटोत झुबकेदार मिशांचा एक गृहस्थ होता, त्याला त्यांनी "मिस्टर डेलेनी" म्हणून नमस्कार केला. आम्ही चौघांनी मिळून गाद्या झटकल्या, खिडक्या उघडल्या, चादरी घातल्या. मिसेस डेलेनी दारात उभ्या राहून "मुलगी आजारी पडली, नाहीतर ती हे सगळं करते," असं म्हणत होत्या. मुलगी म्हणजे कामवाली. तीही बहुधा कॉर्कच्या जोडप्याबरोबरच राहत असावी.

संध्याकाळी आम्ही त्यांच्या स्वयंपाकघरात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली. त्यांनी दशमीला लोणी आणि स्ट्रॉबेरीचा जॅम लावला आणि दोन खाल्ल्या. बाकीचे पाहुणे सामना बघायला गेलेत, उशिरा येतील, असं त्यांनी आम्हाला सांगितलं. "येऊ देत, येऊ देत," काका म्हणाले. मग मिसेस डेलेनी त्यांना विचारायला लागल्या. गुडघा कसा आहे? नवीन गोळ्यांनी पित्त वाढलं का? शुभदाला दिवसा झोप लागते का आता? भावाची जमिनीची भानगड मिटली का? काका एकेकाचं उत्तर देत होते, आणि मी दशमी हातात धरून ऐकत होते. गुडघ्याचं दुखणं मी बहाणा समजले होते. भाऊ आहे हेच मला माहीत नव्हतं. आमच्या आणि त्यांच्या घरामध्ये फक्त एक भिंत आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गुहा बघितली. गुहा फार सुंदर आहे. खाली उतरायला इतक्या पायऱ्या आहेत, की वर येताना निखिलनं वटवाघळांचा उद्धार केला. ईराला एकही वटवाघूळ दिसलं नाही. "दे आर अस्लीप, मम्मी," ती मलाच समजावत राहिली. काका आलेच नाहीत. परत गेलो तेव्हा ते शिडीवर चढून मिसेस डेलेनींच्या गच्च झालेल्या पन्हळीतून पानं काढत होते आणि त्या खालून शिडी धरून त्यांना ओरडत होत्या.

परतीच्या वाटेवर ईरा माझ्या मांडीवर झोपली. काका पुढे बसले होते. शेवटी मला राहवलं नाही.

"काका, तुम्हाला कधी कळलं? खोल्या रिकाम्या असतात ते?"

"दुसऱ्याच रविवारी," काका म्हणाले. "तेवीस वर्षं उत्तरं देत होतो मी, अनघाताई. माहीत असलेलं उत्तर कसं येतं आणि बनवलेलं कसं येतं, ते कळतं. त्या फार छान बनवतात. नाश्त्याला कुणी काय खाल्लं तेसुद्धा सांगतात."

"मग पहिल्यांदा फोन कशाला केलात?"

काकांनी मांडीवरची शबनम सरळ केली. मग म्हणाले, "आम्ही नवीन आलो होतो. शुभदाची रात्रपाळी. ती दिवसभर झोपायची, त्यामुळे घरात आवाज करायचा नाही. भांडं वाजवायचं नाही, टीव्ही लावायचा नाही. मी जिन्यात जाऊन बसायचो. तिथं कुणीतरी पर्यटनाचं एक जुनं पुस्तक टाकलं होतं, त्यात हा नंबर होता. म्हटलं, बघू लावून. काय विचारायचं तेही ठरवलं नव्हतं. तर ही बाई म्हणाली, खोली नाही, पण तुझा आवाज दमलेला वाटतो, बाबा, तू जेवलास का?"

निखिलनं गाडीचा वेग कमी केला.

"आठ महिने झाले होते इथं येऊन," काका म्हणाले. "मग दर रविवारी फोन करायला लागलो. खोली आहे का म्हणून. नुसतंच कसं बोलणार? काहीतरी काम पाहिजे ना फोन करायला. आणि त्यांनाही बरं वाटतं. घर चालू आहे असं वाटतं. अहो, म्हाताऱ्या माणसाला कुणीतरी विचारायला नको का?"

बिल्डिंगखाली पोचलो तेव्हा पाऊस थांबला होता. निखिल गाडी लावायला गेला. ईरा झोपेतच चालत होती. काकांनी आपली शबनम आणि माझी एक पिशवी उचलली आणि आम्ही लिफ्टनं वर आलो. त्यांनी त्यांच्या दारात किल्ली फिरवली, हळूच, आवाज होणार नाही अशी. आत अंधार होता. शुभदाताई ड्यूटीवर गेलेल्या दिसत होत्या.

तीन वर्षांत काकांनी माझ्यासाठी किती घरं शोधली असतील, त्याची मोजदाद नाही. पाण्याचा नळ, कुत्र्याचं वय, खिडकीची दिशा, सगळं मला त्यांनी आणून दिलं. त्या जिन्यात मी रोज त्यांच्या शेजारून जात होते, तेव्हाही त्यांच्या हातात फोन असायचा. मी "काय काका" म्हणायचे आणि लिफ्ट पकडायचे.

"काका," मी म्हणाले.

ते अर्धे आत गेले होते. वळले. सवयीनं त्यांचा हात शबनममधल्या वहीकडे गेला. "बोला. कुठं जायचंय?"

"कुठं नाही. तुम्ही आता जेवायला काय करणार?"

त्यांना प्रश्नच कळला नाही. "खिचडी टाकीन म्हणतो थोडीशी," ते म्हणाले. "का हो?"

"काही नाही. सहज विचारलं."

काका किल्ली हातात धरून तसेच उभे राहिले. मग त्यांनी आतला दिवा लावला, दार उघडंच ठेवलं आणि म्हणाले, "जरा जास्तच टाकतो."